तळ्याकाठचं मांजर : चोर कोण, आणि दोष कुणाचा?



पाऊस लागला की परसातल्या तळ्यात आपण मासोळीचं बीज सोडतो. पोळा जातो, दसरा येतो, मासोळी वीतभर होते. मग एका सकाळी काठावर चार खवलं आणि एक मुंडकं पडलेलं दिसतं, आणि शेजारचं मांजर कुंपणाच्या फटीतून सटकताना दिसतं. झालं! त्या दिवसापासून तळ्यातली मासोळी कमी झाली की नाव मांजराचं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या धानाच्या पट्ट्यात तलाव आणि बोड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या शेततळ्याच्या योजनेनंतर राज्यात इतरत्रही तळी वाढली. काहींनी घरामागं एक-दोन गुंठ्यांचं लहान तळं खणून घरच्यापुरती मासोळी धरायला सुरुवात केली. तळं घराजवळ आलं तसं मांजरही तळ्याजवळ आलं. म्हणून आजच्या पत्रकात हा विषय घेतला आहे. विषय लहान वाटेल, पण यापायी शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे, आणि विषाची पुडी घरात आलेलीही पाहिली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. मांजर खोल पाण्यातली निरोगी मासोळी सहसा धरू शकत नाही. ते काठावर बसतं आणि पंज्याच्या टप्प्यात आलेलीच मासोळी ओढतं. तेव्हा मांजराला रोज मासोळी मिळत असेल, तर पहिला प्रश्न असा विचारावा की, मासोळी काठाला आणि वर का येते आहे? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा पाण्यात सापडतं.

एका पहाटेची हकीकत

दोन गुंठ्यांचं तळं असलेल्या एका शेतकऱ्यानं निरोप धाडला, "साहेब, मांजरांनी तळं रिकामं केलं. काही औषध सांगा." औषध म्हणजे मांजराला घालायचं, हे माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, "औषधाचं मागाहून बघू. उद्या पहाटे मी येतो. आपण दोघं बसून पाहू."

ऑक्टोबरचे दिवस होते. तीन दिवस आभाळ भरलेलं, वारा पडलेला. पहाटे पाचच्या सुमाराला आम्ही तळ्याशी पोहोचलो. काठावर दोन मांजरं खरोखरच बसलेली होती. एकानं आमच्या देखत पंजा मारला आणि मासोळी घेऊन पळालं.

"पाहिलंत साहेब? हाच तो चोर."

मी बॅटरी पाण्यावर टाकली. सगळं तळं जणू तोंड उघडून बसलं होतं. कटला, रोहू सगळ्या मासोळ्या वर येऊन हवा घेत होत्या. मी जोरात टाळी वाजवली. धडधाकट मासोळी अशा वेळी गपकन खाली जाते. या मासोळ्या जराशा हलल्या आणि लगेच पुन्हा वर आल्या. काठाच्या दगडांवर गोगलगायी पाणी सोडून वर चढलेल्या होत्या.

मी विचारलं, "भाऊ, तळ्यात शेण कधी टाकलं?"

"परवा. मासोळी लवकर वाढावी म्हणून एक बंडी भरून टाकलं."

आता सगळा उलगडा झाला. त्या तळ्यातला प्राणवायू संपत आला होता. मांजरांनी दोन मासोळ्या नेल्या असत्या, पण सकाळी आठपर्यंत बाकीच्या शंभरातली कितीशी उरली असती, कोण जाणे.

तातडीनं पंप लागणार होता. यांचा पंप दुरुस्तीला गेलेला. पंप होता तो शेजारी, म्हणजे ज्या घरची ती मांजरं, त्याच घरी. तीन महिने दोन्ही घरांचं बोलणं नव्हतं. मीच जाऊन हाक मारली. घरातल्या आजी उठल्या, मुलाला उठवलं, आणि काही न विचारता त्यांनी पंप दिला. तळ्यातलंच वरचं पाणी उपसून उंचावरून, फवारा होईल असं पुन्हा तळ्यात सोडलं. दोघा-तिघांनी बादल्यांनी पाणी उडवलं. ऊन वर आलं तेव्हा मासोळी हळूहळू खाली बसली. मोठ्यातल्या अकरा मेल्या, बाकीच्या वाचल्या.

चहा घेताना त्या शेतकऱ्यानं पडवीच्या वळचणीतून एक पुडी काढून माझ्यापुढं ठेवली. विष लावलेलं मासोळीचं मुंडकं होतं. त्याच रात्री ते काठावर ठेवायचा त्यांचा बेत होता. घरात तीन वर्षांची नात रांगोळीच्या डब्यापासून देवाच्या कोनाड्यापर्यंत सगळीकडे हात घालणारी! आम्ही ते विहिरीपासून आणि तळ्यापासून लांब, खोल खड्डा करून पुरलं. त्यावर बोलणं फारसं झालं नाही.

पहाटे मासोळी वर का येते?

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण तळ्याचा सगळा हिशेब इथं आहे.

तळ्याचं पाणी हिरवट दिसतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पतींमुळं. त्यांना प्लवंग म्हणतात. दिवसा उन्हात या वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात. दिवस मावळला की हे काम थांबतं, आणि रात्रभर सगळेच प्राणवायू घेऊ लागतात. मासोळी घेते, त्या वनस्पती घेतात, आणि तळाशी कुजणारं शेण, पाला, उरलेलं खाद्य हेही घेतं. म्हणून पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी असतो तो सूर्य उगवण्याच्या थोडा आधी.

त्यात आभाळ असलं तर दिवसाची कमाईच कमी पडते. पाणी गरम असलं तर ते मुळातच प्राणवायू कमी धरतं. २० अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागं सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला सुमारे साडेसात. मासोळीला बरं वाटायला निदान ५ मिलिग्रॅम लागतो. ३ च्या खाली गेला की ती बेजार होते. मग ती वर येते, तोंड पाण्याबाहेर काढते आणि काठाच्या उथळ पाण्यात घुटमळते.

मांजराचा शिकारीचा वेळही हाच, तिन्हीसांजा आणि पहाट. त्याला आयतं ताट वाढलेलं मिळतं.

आता हिशेब करा. धरून चाला, मांजरानं रोज १०० ग्रॅमची एक मासोळी नेली. महिन्याला झाली ३ किलो. नुकसानच आहे, नाही कोण म्हणतो? पण दोन गुंठ्यांत अर्ध्या-अर्ध्या किलोच्या १०० मासोळ्या असतील, तर प्राणवायू संपलेल्या एका रात्रीत ५० किलो माल पालथा पडतो. तेव्हा मांजर रोज पहाटे काठावर दिसू लागलं तर चिडू नका. त्याच वेळी पाणी बघा.

पाणी कसं पारखावं?

यंत्राची गरज नाही. हात पुरे. सकाळी दहाच्या सुमाराला, ऊन असताना, हात पाण्यात सरळ खाली घाला. पाणी कोपराशी आलं असता तळवा दिसेनासा होत असेल तर पाणी चांगलं. मनगट बुडताच तळवा दिसेनासा झाला आणि पाणी हिरवं असेल, तर शेण आणि खाद्य जास्त झालं आहे. दोन्ही बंद करा. कोपर बुडालं तरी तळवा लख्ख दिसत असेल तर पाण्यात नैसर्गिक खाद्य कमी आहे, थोडं शेण चालेल. पाणी मातकट असेल तर ही पारख लागू पडत नाही. आधी गाळ बसू द्या.

वास घ्या. पाण्याला कुजका वास येतो म्हणजे तळाशी घाण साचली आहे.

आठवड्यातून एकदा तरी सूर्य उगवायच्या आधी तळ्याशी जा आणि टाळी वाजवा. मासोळी खाली गेली तर निश्चिंत असा. लगेच वर आली तर त्याच क्षणी पुढची कामं करा :

१. खाद्य आणि शेण बंद.

२. पंपानं वरचंच पाणी उपसून उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यात पाडा. पंप नसेल तर बादल्यांनी पाणी उडवा.

३. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी सोडणार असाल तर तेही उंचावरून पाडा. बोअरच्या पाण्यात बहुधा प्राणवायू कमीच असतो. नळी तळाशी सोडून उपयोग नाही.

४. तळाचा गाळ ढवळू नका. त्या वेळी जाळं ओढू नका. गाळ उठला की उरलासुरला प्राणवायूही जातो.

ऊन चढेपर्यंत हे चालू ठेवा. आभाळ असेल तर पुढल्या दोन-तीन पहाटेही लक्ष ठेवा.

मांजराच्या नावावर इतरांची उधारी

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, आमचं पाणी चांगलं आहे, तरी मासोळी कमी होते." होत असेल. पण चोर एकच नसतो. काठावरच्या खुणा वाचायला शिका.

मांजर : लहान मासोळी नेतं. खवलं, मुंडकं, शेपूट काठावर किंवा भिंतीच्या आडोशाला पडलेली सापडते. मऊ चिखलात पंजा गोल उमटतो आणि नखं उमटत नाहीत. कुत्र्याच्या आणि मुंगसाच्या पावलात नखं दिसतात.

पक्षी : खंड्या, बगळा, ढोकरी, पाणकावळा. काठावर पांढरी शीट दिसते. निसटलेल्या मासोळीच्या पाठीवर चोचीची जखम असते. पाणकावळे थव्यानं उतरले तर दोन दिवसांत बोटुकलीचं मोठं नुकसान करतात.

पाणदिवड साप : विषारी नाही. काठाच्या गवतात राहतो, लहान मासोळी आणि बेडूक खातो. मागं खूण राहत नाही. गवत काढलं की तो हटतो. मारू नका.

ऊद, म्हणजे पाणमांजर : नदी किंवा मोठा तलाव जवळ असेल तर येतं, बहुधा टोळीनं. मोठ्या मासोळ्या अर्धवट खाऊन टाकतं. काठावरच्या विष्ठेत खवलं दिसतात आणि मासोळीचा उग्र वास येतो. नाव पाणमांजर असलं तरी हे मांजर नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. रानमांजरालाही आहे. नुकसान मोठं असेल तर वनखात्याला कळवा, स्वतः काही करू नका.

मरळ : तळ्यातच राहणारा चोर. बीज सोडण्याआधी तळं आटवलं नाही किंवा जाळं फिरवलं नाही, तर मरळ आत राहते आणि बोटुकली फस्त करते. बीज सोडून महिन्याभरात मासोळी दिसेनाशी झाली तर आधी मरळीचा संशय घ्या. आणि बीज सोडताना पिशवी १५-२० मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवली होती का, हेही आठवा. गरम-गार पाण्याचा झटका बसून मेलेलं बीज तळाशी जातं, दिसत नाही.

आणि शेवटी, दोन पायांचं मांजर! काठावर खवलं नाहीत, शीट नाही, बारीक मासोळी शाबूत, आणि किलोच्या वरच्या तेवढ्या गायब. असं असेल तर शेजारच्या मांजराला बोल लावू नका.

मांजराला बोलावणं आपणच धाडतो

मासोळी साफ करायची कुठं? तळ्याच्या काठावर. आतडी, कल्ले टाकायचे कुठं? तिथंच. मेलेली मासोळी काढून फेकायची कुठं? कुंपणापाशी. मग मांजर येणार नाही तर काय होईल? एकदा तिथं खायला मिळालं की ते रोज फेरी घालतं आणि पिलांनाही तीच वाट दाखवतं.

म्हणून पहिला उपाय बिनपैशाचा. मासोळी तळ्यापासून लांब साफ करा. घाण हातभर खोल पुरा. नारळाच्या, लिंबाच्या, पपईच्या झाडाच्या आळ्यात पुरली तर खतही होतं. मेलेली मासोळी त्याच दिवशी काढा आणि पुरा.

दुसरं, खाद्य काठावरून फेकू नका. मासोळीला काठाची सवय लागते. धानाचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड निम्मी-निम्मी घेऊन जुन्या खताच्या नव्हे, तर धुतलेल्या स्वच्छ पोत्यात भरा. पोत्याला खाली बारीक छिद्रं पाडा आणि तळ्याच्या मध्यावर रोवलेल्या बांबूला ते अर्धं पाण्यात बुडेल असं बांधा. मासोळी टोचून खाते, खाद्य वाया जात नाही, आणि मासोळी मध्यावर राहते. खाद्य किती? मासोळीच्या एकूण वजनाच्या शेकडा २ ते ३. म्हणजे २०० ग्रॅमच्या १०० मासोळ्या असतील तर वजन २० किलो, आणि रोजचं खाद्य ४०० ते ६०० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी पोत्यात उरलं तर कमी करा.

काठ आणि खोली

तळ्यात बारमाही निदान ४ फूट पाणी असावं, ५-६ फूट असलं तर उत्तम. मासोळीला खाली जायला जागा मिळाली की मांजर आणि बगळा दोघेही हात चोळत बसतात.

पक्कं, बांधीव टाकं असेल तर भिंत पाण्याच्या वर दीड फूट उभी ठेवा. मांजराला खाली वाकून पंजा पोहोचवता येत नाही. पायऱ्या असतील तर एकाच बाजूला ठेवा.

मातीच्या तळ्याचा काठ उभा ठेवता येत नाही, तो ढासळतो. तिथं उतारच हवा. मग असं करा : काठाला जिथं पाणी वीत-दीड वीत आहे, त्या पट्ट्यात बोराटीच्या किंवा बाभळीच्या काट्या दाबून बसवा. मांजर काट्यांत पाय घालत नाही. जाळं ओढायच्या बाजूला काट्या लावू नका, नाही तर जाळं फाटेल. काठापासून तीन-चार हात गवत कापून जमीन मोकळी ठेवा. मांजराला दबा धरायला आडोसा लागतो, आणि पाणदिवडालाही.

तळ्यात चार ठिकाणी फुटकी मडकी, कौलं, पाइपचे तुकडे टाकून ठेवा. लहान मासोळीला लपायला जागा होते. कमळ किंवा जलपर्णीनं मात्र तळं झाकू देऊ नका. ऊन अडलं की प्राणवायू अडला.

लहान टाक्यावर जाळी घालायची असेल तर बांबूच्या आधारानं पाण्याच्या फूटभर वर, ताणून बांधा. सैल जाळीत पक्षी आणि साप अडकून मरतात, आणि मांजरही सैल जाळीवर चढून ती खाली दाबतं.

बीज नेहमी बोटुकली आकाराचं, म्हणजे ३-४ इंचांचं घ्या. जिऱ्याएवढं बीज स्वस्त मिळतं, पण सगळ्यांच्या तोंडी जातं. बारीक बीजच मिळालं तर ते आधी मच्छरदाणीसारख्या जाळीच्या पेटीत, म्हणजे हाप्यात वाढवा, आणि बोटुकली झाल्यावर तळ्यात सोडा. संख्येचा मोह धरू नका. साध्या तळ्यात गुंठ्याला ५० बोटुकल्या पुरे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी चरते, म्हणून तिन्ही मिळून सोडाव्यात. शेण गुंठ्याला वर्षाकाठी १०० ते २०० किलो, तेही महिन्या-महिन्यानं वाटून. बंडीभर एकदम कधीही नाही. चुना गुंठ्याला दोन-अडीच किलो, बीज सोडण्याआधी.

बोडीचं पाणी उन्हाळ्याकडे उतरतं, हे तुम्हाला सांगायला नको. पाणी ३ फुटांच्या खाली यायच्या आत मोठी मासोळी काढून विका. थोडी आणखी वाढेल म्हणून ठेवली, तर उथळ पाण्यात ती मांजराची, बगळ्याची आणि उन्हाची होते.

प्लॅस्टिकच्या शेततळ्याबद्दल

अस्तर घातलेल्या शेततळ्यात गोष्ट उलटी असते. तिथं मांजरच धोक्यात असतं. उतार निसरडा, आत पडलेलं जनावर वर येऊ शकत नाही. धडपडीत नखांनी अस्तर फाटतं, आणि बुडून मेलं तर पाणी नासतं. माणसाचंही तसंच आहे. पोहता येणारा माणूसही त्या उतारावरून वर चढू शकत नाही. म्हणून चारही बाजूंनी काठावरच्या पक्क्या खुंटाला बांधून, गाठी मारलेला जाड काथ्याचा दोर पाण्यात सोडून ठेवा. त्याला गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळल्या तर मांजर, मुंगूसही वर येतं. भोवती कुंपण घाला. हे काम मांजरासाठी नसलं तरी तुमच्या पोरांसाठी आजच करा.

विष मात्र नको

काही जण फोरेटचे दाणे मुंडक्यात भरतात. गावात याला थायमेट म्हणतात. या औषधावर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कुणाच्या घरी जुना डबा पडला असेल तर तो वापरू नका. उंदराचं विषारी औषधही तसंच. विष खाल्लेलं मांजर पाण्याकडे गेलं तर? पहिलं पाणी तुमच्याच तळ्याचं. त्यातलं थोडं विषही मासोळीला मारायला पुरतं. ते मुंडकं कुत्रा उचलतो, कोंबडी टोचते, आणि पोरगंही हातात घेतं.

डांबरगोळ्या, फिनेल काठावर टाकणं हेही तितकंच चूक. पावसाच्या सरीबरोबर ते पाण्यात उतरतं. कुंपणात वीज सोडणं तर माणसं मारण्याचं काम आहे. त्याचं नावही काढू नका.

कायदाही ध्यानात ठेवा. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला विष घालणं, मारणं किंवा पांगळं करणं यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि कायदा बाजूला ठेवला, तरी घरचा हिशेब बघा. धानाच्या कोठीभोवती उंदीर कोण राखतं? मांजर नाहीसं झालं की उंदीर वाढतात. तेच उंदीर तळ्याच्या बांधाला बिळं पाडतात आणि पाणी झिरपून जातं. पाव किलो मासोळी वाचवायला बांध घालवायचा का?

मांजरं फारच झाली असतील तर शेजाऱ्यांनी मिळून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नसबंदीची चौकशी करावी. मांजर पकडताना चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन पिसाळल्याची लस घ्या. मांजर पाळलेलं आहे म्हणून अंगावर काढू नका.

शेजाऱ्याशी बोलायचं असेल तर भांडणाआधी बोला. "तुमच्या मांजरानं खाल्लं" असं म्हणण्यापेक्षा "पहाटे आमच्याकडे या, मासोळी वर येते का ते पाहू" असं म्हणा. त्या दोन गुंठ्यांच्या तळ्यावर आता रोज पहाटे आजीच आधी जातात, कारण त्यांची झोप लवकर उघडते. मांजरं काठावर जमलेली दिसली की त्या कुंपणापलीकडून हाक मारतात, "बापू, उठ रे, पाणी बघ!"

थोडक्यात ध्यानात ठेवा

मांजर रोज पहाटे काठावर दिसलं की टाळी वाजवून मासोळी पारखा.

मासोळी वर तोंड काढत असेल तर खाद्य-शेण बंद, आणि पाणी उंचावरून पाडा.

हात कोपरापर्यंत घालून पाण्याचा हिरवेपणा तपासा.

मासोळीची घाण काठावर टाकू नका. खाद्य मध्यावर द्या.

पाणी ४ फूट राखा. उथळ काठाला काट्या लावा. गवत काढा.

अस्तराच्या तळ्यात गाठीचा दोर सोडा.

विष, डांबरगोळी, फिनेल आणि वीज, चारही वर्ज्य.

तळ्याबद्दल काही अडचण असेल तर पत्र लिहा. पत्रात तळ्याची लांबी-रुंदी, पाण्याची खोली, बीज कधी आणि किती सोडलं, शेण किती टाकलं, आणि पहाटे टाळी वाजवल्यावर मासोळीनं काय केलं, एवढं अवश्य लिहा. त्याशिवाय मांजराला दोषी धरता येणार नाही.